टाकळा ओळखावा, मगच खुडावा

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की रस्त्याच्या कडेस, बांधावर व पडीक जमिनीत टाकळ्याची कोवळी रोपे दाटीने उगवतात. कोकणात ही रानभाजी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. तिला ना मशागत लागते, ना खत. परंतु त्याच जागी कासविंदा ही दुसरी वनस्पतीही उगवते. काही गावी तिला रानटाकळा म्हणतात व त्यामुळे घोटाळा होतो. कासविंद्याच्या बिया विषारी असतात.

ओळख : टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात व पर्णिका टोकाशी रुंद, गोलसर असते. कासविंद्यात चार ते सहा जोड्या असून पर्णिका टोकदार असते. टाकळ्याची शेंग लांब, बारीक व बी कोनदार, चकचकीत असते. कासविंद्याची शेंग चपटी, फिकट कडांची व बी चपटे असते. पिवळी फुले, उग्र वास आणि रात्री मिटणारी पाने ही लक्षणे दोहोंतही आढळतात. त्यांवर विसंबू नये.

उपयोग : फुले येण्यापूर्वी कोवळा पाला खुडून, धुऊन, कांदा-लसणाच्या फोडणीवर शिजवावा. वर ओले खोबरे घालावे. जून पाला खाण्यास घेऊ नये. तो चिखलणीच्या वेळी भातखाचरात गाडल्यास हिरवळीचे खत होते. गाजरगवत माजलेल्या पडीक जागी टाकळ्याचे बी फेकल्यास दाट टाकळा त्या तणास दाबून टाकतो.

सावधगिरी : पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक वर्षे थंडीच्या सुमारास लहान मुले एका गूढ आजाराने दगावत. यकृत, स्नायू व मेंदू यांवर त्याचा आघात होई. खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या बिया हे त्याचे कारण असल्याचे संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले.

म्हणून घराजवळची व शाळेच्या आवारातील कासविंद्याची झाडे शेंगा धरण्यापूर्वीच उपटावीत. टाकळ्याच्याही कच्च्या बिया मुलांना वा जनावरांना खाऊ देऊ नयेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोन्ही वनस्पतींच्या डहाळ्या शेजारी ठेवून ग्रामसभेत व शाळेत हा भेद प्रत्यक्ष दाखवावा. ज्या रोपाविषयी शंका वाटेल ते खुडू नये.