पंगतीतून उठलेले दहा, बसून राहिलेले दोन

२३ सप्टेंबर २०२३. पुलमनच्या मार्टिन स्टेडियममध्ये मी ॲल्युमिनियमच्या लांब बाकावर बसले होते. बाजूला आमच्या शेजारचे गृहस्थ होते. जन्मभर गव्हाची शेती केलेली, वय चौऱ्याहत्तर. आमच्या घरात त्यांचे नाव 'गहूवाले आजोबा'. समोर वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट या दोन विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना चालला होता. आमच्या वॉशिंग्टन स्टेटने तो ३८-३५ असा जिंकला. सगळे उठून ओरडत असताना आजोबा मला म्हणाले, "चला, कॉन्फरन्सचे अजिंक्यपद आपलेच. आता दोघेच तर उरलोत!"

हा विनोद कळायला मराठी वाचकाला थोडी पार्श्वभूमी लागेल, आणि त्यामागची कळ समजायला थोडी जास्त. मला दोन्ही समजायला बारा वर्षे लागली. पुलमन हे वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाचे, गव्हाच्या टेकड्यांमधले गाव. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या बत्तीस हजार नऊशेच्या आसपास आणि स्टेडियमची क्षमता जवळपास तेवढीच. म्हणजे सामन्याच्या दिवशी अख्खे गाव त्यात मावू शकते. नवऱ्याच्या नोकरीमुळे २०११ साली आम्ही फलटणहून इथे आलो, तेव्हा विद्यापीठाच्या एका संघासाठी इतके लोक वेडे का होतात, हे मला कळत नव्हते.

पहिली गोष्ट अशी, की अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये बत्तीसच संघ आहेत आणि ते मोठ्या शहरांच्या आसऱ्याने राहतात. ओरेगन, आयडाहो, नेब्रास्का, अलाबामा अशा कित्येक राज्यांत एकही व्यावसायिक संघ नाही. तिथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. त्यातही वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट ही दोन्ही 'लँड ग्रँट' विद्यापीठे, म्हणजे अब्राहम लिंकनने १८६२ साली सही केलेल्या कायद्यानुसार, शेती आणि यंत्रविद्या शिकवण्यासाठी मिळालेल्या सरकारी जमिनीच्या आधाराने वाढलेली. शेतकऱ्यांच्या मुलांसाठीची ही विद्यापीठे. आपल्या ताटातल्या पोळीशीही पुलमनचे नाते आहे. इथे काम करणाऱ्या ऑर्व्हिल व्होगेल यांनी जपानी बुटक्या गव्हाचा संकर करून त्याचे बी नॉर्मन बोरलॉग यांना मेक्सिकोत पाठवले, आणि हरितक्रांतीत भारतात आलेल्या बुटक्या वाणांच्या वंशावळीत तो संकर आहे. आजोबांच्या दृष्टीने गव्हाचे ते संशोधन आणि शनिवारचा सामना या एकाच घरातल्या दोन खोल्या आहेत.

दुसरी गोष्ट कॉन्फरन्सची. युरोपातल्या फुटबॉलमध्ये जिंकणारा संघ वरच्या श्रेणीत जातो आणि हरणारा खाली येतो. अमेरिकेतल्या विद्यापीठीय फुटबॉलमध्ये तसे नाही. इथे सव्वाशेहून अधिक विद्यापीठे वरच्या विभागात खेळतात आणि ती आपापले गट करून राहतात. या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. गटातले संघ दरवर्षी आपापसांत खेळतात आणि दूरदर्शनचे पैसे वाटून घेतात. गटात जागा मिळते ती आमंत्रणाने, खेळातल्या गुणवत्तेने नव्हे. आपल्या भाषेत सांगायचे तर ही पंगत आहे. वाढपी पंगतीतच वाढतो, आणि पंगतीत कोणाला बसवायचे हे आधी बसलेले ठरवतात.

या पंगती मुळात मांडल्या गेल्या त्या पैशाला आवर घालण्यासाठी. १८९० च्या दशकात भाडोत्री खेळाडू आणण्याची रीत बोकाळली होती. तेव्हा पर्ड्यू विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या पुढाकाराने १८९५ साली शिकागोत बैठक भरली. खेळावर प्राध्यापकांचे नियंत्रण असावे, खेळणारा खरोखर विद्यार्थी असावा, असे तिथे ठरले आणि त्यातून आजची बिग टेन ही कॉन्फरन्स उभी राहिली. पश्चिम किनाऱ्यावर २ डिसेंबर १९१५ रोजी पोर्टलंडमध्ये चार विद्यापीठांनी अशीच पंगत मांडली. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन आणि ओरेगनचे कृषी महाविद्यालय, म्हणजेच आजचे ओरेगन स्टेट. १९१७ साली वॉशिंग्टन स्टेट आले, मग स्टॅनफर्ड, सदर्न कॅलिफोर्निया, आयडाहो आणि १९२८ साली यूसीएलए. रेल्वेने जाता येईल अशा अंतरावरचे शेजारी, असे त्याचे स्वरूप होते.

ही पंगत एकदा आधीही मोडली होती, हे मला आजोबांनीच सांगितले. १९५६ साली काही मोठ्या विद्यापीठांत खेळाडूंना गुपचूप पैसे देणारे निधी उघडकीस आले. भांडणे झाली आणि १९५९ साली कॉन्फरन्स विसर्जित झाली. लगेच नवी पंगत बसली. तीत कॅलिफोर्नियाची चार मोठी विद्यापीठे आणि सिएटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ एवढेच होते. आमचे वॉशिंग्टन स्टेट तीन वर्षे बाहेर उभे राहिले आणि १९६२ साली आत आले. ओरेगनमधली दोघे १९६४ साली आली. पुलमनपासून तेरा किलोमीटरवर मॉस्को गावात असलेल्या आयडाहो विद्यापीठाला मात्र पान पुन्हा मांडले गेले नाही. पुढे उतरत उतरत २०१८ साली ते स्वतःहून खालच्या विभागात गेले. आजोबांच्या पत्नी आयडाहोच्या पदवीधर. त्या म्हणतात, "तुम्ही रडताय ते आमचे रडून झाले आहे."

मग या वेळी काय वेगळे झाले? त्याची सुरुवात १९८४ सालच्या एका निकालात आहे. तोपर्यंत दूरदर्शनवर कोणाचे किती सामने दाखवायचे हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवत असे. कोणत्याही संघाला दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा पडद्यावर येता येत नसे. हेतू असा, की लोकांनी मैदानात जावे आणि लहान संघही दिसावेत. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या बलाढ्य संघांच्या विद्यापीठांनी याला न्यायालयात आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते असे ठरवले. विरोधी मत लिहिले ते न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी, जे स्वतः तरुणपणी कोलोराडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. हा निव्वळ व्यापार नाही, शिक्षणाचा भाग आहे, अशी त्यांची भूमिका होती. बहुमताला ती पटली नाही.

निकालानंतर प्रत्येक कॉन्फरन्स आपला माल स्वतः विकू लागली आणि शेजाऱ्याच्या जागी ग्राहक आला. केबलच्या काळात गणित सोपे होते. कॉन्फरन्सची वाहिनी एखाद्या राज्यात घरोघरी गेली, की सामना पाहणारा आणि न पाहणारा दोघेही तिचे शुल्क भरत. म्हणून बिग टेनने २०१४ साली न्यू जर्सीचे रटगर्स आणि मेरीलंड घेतले, तेव्हा नजर न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन शहरांतल्या घरांवर होती. आमच्या पॅक-१२ नेही २०१२ साली स्वतःच्या मालकीची वाहिनी काढली. पण डायरेक्ट टीव्ही या मोठ्या उपग्रह सेवेशी तिचा करार कधीच झाला नाही. त्यात आमचे रात्रीचे सामने सुरू व्हायचे तेव्हा पूर्वेकडे साडेदहा वाजलेले असत, म्हणजे अर्धा देश झोपायला निघालेला.

या व्यवहारात राजकारणही होते, कारण बहुतेक मोठी विद्यापीठे सरकारी आहेत. ३० जून २०२२ रोजी सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. यूसीएलए आणि बर्कली ही एकाच राज्य विद्यापीठाची दोन अंगे, एकाच विश्वस्त मंडळाखालची. एक भाऊ न सांगता घर सोडून गेल्यासारखे झाले. मंडळाने शेवटी परवानगी दिली, पण यूसीएलएने बर्कलीला दरवर्षी भरपाई द्यावी अशी अट घातली. ती रक्कम पुढे वर्षाला एक कोटी डॉलर ठरली. लोकांनी या रकमेला पोटगीवरून विनोदी नाव दिले. आम्हाला मात्र पोटगीही नव्हती. आमचे आणि सिएटलचे विश्वस्त मंडळ वेगवेगळे, आणि राज्य एक असले तरी टीव्ही बघणारी बहुसंख्य घरे सिएटलच्या बाजूला.

ऑगस्ट २०२२ मध्ये बिग टेनने सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे करार केले. पॅक-१२ च्या हाती वर्षभराने आला तो ॲपलचा प्रस्ताव, ज्यात कमाई बऱ्याच अंशी वर्गणीदारांच्या संख्येवर अवलंबून होती. २७ जुलै २०२३ रोजी कोलोराडो बिग ट्वेल्व्हकडे गेले. ४ ऑगस्टला एकाच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, तर ॲरिझोनातली दोन्ही विद्यापीठे आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये गेली. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली चक्क अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेली. प्रशांत महासागराच्या काठची विद्यापीठे अटलांटिकच्या पंगतीत! तीही पहिली सात वर्षे तीस टक्के वाट्यावर. ओरेगन आणि वॉशिंग्टनही इतरांच्या निम्म्याच्या आसपास वाट्यावर गेली. पंगतीच्या शेवटी का होईना, पान मिळावे म्हणून.

मागे उरली ती शेतीची दोन विद्यापीठे. त्यांचा दोष एवढाच, की ती लहान गावांत आहेत.

जाणाऱ्या दहांना जाण्यापूर्वीचे वर्षभर कॉन्फरन्सच्या कारभारात मत हवे होते, म्हणजे शिल्लक पैशाचे काय करायचे तेही त्यांनीच ठरवले असते. आमच्या दोन विद्यापीठांनी कोर्टात धाव घेतली. तीही पुलमनपासून पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या कोलफॅक्स या छोट्या गावातल्या जिल्हा न्यायालयात. मुद्दा साधा होता. निघून जाण्याची सूचना देणाऱ्याची मंडळावरची जागा जाते, असे नियमावली सांगत होती, आणि याच दहांपैकी काहींनी आधी बाहेर पडलेल्यांना हाच नियम लावला होता. १४ नोव्हेंबर २०२३ रोजी न्यायालयाने उरलेल्या दोघांच्या बाजूने मनाई आदेश दिला. डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप नाकारला, आणि नंतर तडजोड झाली. त्या संध्याकाळी आजोबांनी आमच्याकडे 'कूगर गोल्ड'चा डबा आणला. विद्यापीठाच्या दुग्धशाळेत होणारे हे चीज पत्र्याच्या डब्यात मिळते. खटला जिंकल्याचा पेढा तो!

पण पैसे राहिले तरी शेजार गेला होता. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांचा सामना १९०० सालापासूनचा. त्याला 'ॲपल कप' म्हणतात. तो नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत होई. घरात एक मुलगा सिएटलला, दुसरा पुलमनला शिकलेला, आणि जेवणाच्या टेबलावर दोन रंगांचे सदरे, हे इथले नेहमीचे दृश्य. करार झाल्याने सामना टिकला, पण आता तो सप्टेंबरात होतो, कारण नोव्हेंबरच्या तारखा नव्या कॉन्फरन्सच्या सामन्यांसाठी लागतात. खेळाडूंचेही तेच. लॉस एंजेलिसच्या व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉलच्या मुलींना कॉन्फरन्सच्या सामन्यासाठी सुमारे चार हजार किलोमीटरवरच्या न्यू जर्सीला जावे लागते. टीव्हीचा करार फुटबॉलसाठी झाला, प्रवास सगळ्यांच्या वाट्याला आला.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. जुनी व्यवस्था काही सोन्याची नव्हती. ज्यांच्या जिवावर हे पैसे उभे राहिले, त्या खेळाडूंना दशकानुदशके शिष्यवृत्तीपलीकडे फारसे काही मिळत नसे. २०२१ नंतर त्यांना आपल्या नावावर कमावता येऊ लागले, संघ बदलणे सोपे झाले, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट वाटा देऊ लागली आहेत. हे योग्यच झाले. पण त्याचाही परिणाम पुलमनवर होतो. २०२३ साली आमच्याकडून खेळलेला कॅम वॉर्ड पुढच्या वर्षी मायामीला गेला आणि २०२५ च्या व्यावसायिक निवडीत पहिला आला. आजोबांना त्याचा राग नाही. ते म्हणाले, "पोराला चांगली नोकरी मिळाली, तर जाणारच."

मग राग कशाचा? मी एकदा त्यांना विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले. १९७२ साली हे स्टेडियम उघडले तेव्हापासून ते त्याच रांगेत बसतात. ते म्हणाले, "मला कोणी विचारले नाही."

मला वाटते, या साऱ्या प्रकरणाचे सार त्यात आहे. प्रक्षेपण कंपन्या विकत घेतात ती खेळापेक्षा निष्ठा. हरला तरी पुढच्या शनिवारी परत येणारा माणूस, हाच खरा माल. विद्यापीठाच्या अध्यक्षांना मत आहे, कॉन्फरन्सच्या आयुक्तांना आवाज आहे, वाहिन्यांकडे पैसा आहे. ज्याच्या निष्ठेची किंमत लागते, त्याला मात्र मत नाही. आणि ती निष्ठा गावाला, रांगेला, शेजाऱ्याला चिकटलेली असते. ती उचलून चार हजार किलोमीटरवर नेली, तर तिथे ती रुजेलच असे नाही.

१ जुलै २०२६ पासून पॅक-१२ पुन्हा उभी राहते आहे. बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोराडो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सास स्टेट फुटबॉलसाठी येत आहेत. नावांकडे पाहा. आजवर ज्यांना मोठ्या पंगतीत पान मिळाले नव्हते असे बरेच जण. बॉइझी आमच्यापासून गाडीने एका दिवसात गाठता येते, याचा आजोबांना फार आनंद आहे.

१४ सप्टेंबर २०२४ रोजी ॲपल कप सिएटलमध्ये झाला. आम्ही २४-१९ असा जिंकलो. मी फोन केला, तेव्हा आजोबा शेतात होते. सप्टेंबर हा इथे हिवाळी गव्हाच्या पेरणीचा महिना. पूर्वी पेरणी उरकून, हात मोकळे झाल्यावर सामना यायचा. आता मुलगा पेरणीयंत्र चालवतो आणि आजोबा बांधावर गाडीत रेडिओ लावून बसतात.

"जिंकलो का?" असे त्यांनी मला विचारले नाही. त्यांना ठाऊक होते. "तुम्ही बघायला गेला होतात का?" असे विचारले. मी नाही म्हटले. "पुढच्या खेपेला जाऊ," ते म्हणाले, "पेरणी लवकर झाली तर."