दिवसाला दोन थेंब

कर्करोग हाडांत उतरला की काही रुग्णांना दिवसाला ३०० मिलिग्रॅम मॉर्फिन तोंडावाटे घ्यावं लागतं. १० मिलिग्रॅमच्या गोळ्या धरल्या तर रोज ३० गोळ्या. तेवढाच आराम शिरेतून द्यायला साधारण १०० मिलिग्रॅम लागतात. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध सोडलं तर १०, आणि आवरणाच्या आत, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडलं तर अवघा १! रुग्णागणिक प्रमाण बदलतं, पण डॉक्टरांचा ढोबळ हिशेब हाच.

गिळलेलं औषध यकृतातच बरंचसं खर्ची पडतं. उरलेलं अंगभर फिरतं, गुंगी आणि बद्धकोष्ठ मागे लावतं. वेदनेचा निरोप मात्र अडवायचा असतो मज्जारज्जूच्या दारातच. १९७९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ८ कर्करुग्णांना मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात अर्धा ते १ मिलिग्रॅम मॉर्फिन टोचलं. ६ जणांची वेदना १२ ते २४ तास पूर्ण थांबली. पण पुढे? ते पाणी जेमतेम १५० मिलिलिटर असतं आणि शरीर रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार करतं. दिवसातून तीनदा पाणी बदलणार, तर औषधाची धारही अखंड हवी.

त्यासाठी पोटाच्या कातडीखाली टायटॅनियमचा पंप बसवतात. टाकी २० मिलिलिटरची. तिथून बारीक नळी कातडीखालून पाठीकडे जाते. मिलिलिटरला १० मिलिग्रॅम मॉर्फिन असेल, तर १ मिलिग्रॅमसाठी दिवसाला ०.१ मिलिलिटर लागतं. म्हणजे दोन थेंब, ८६,४०० सेकंदांत वाटलेले. टाकी रिकामी होत आली की कातडीतूनच सुई घालून भरतात. इथे दशांशचिन्ह एक घर सरकलं तर श्वास थांबू शकतो, म्हणून हे अनुभवी हातांचंच काम.

याच पंपातून दिलं जाणारं झिकोनोटाइड हे वेदनाशामक तर याहून थक्क करणारं. समुद्री शंकूगोगलगायीच्या विषावर बेतलेलं हे औषध अमेरिकेत २००४ साली मंजूर झालं. दिवसाची कमाल मात्रा १९.२ मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम एका माणसाला १४२ वर्षं पुरेल!

मला अस्वस्थ करतो तो वेगळाच आकडा. लॅन्सेट आयोगाच्या २०१७च्या अहवालानुसार, वेदनाशमनाची गरज असलेल्या अमेरिकी रुग्णामागे वर्षाला सुमारे ५५,७०० मिलिग्रॅम मॉर्फिन किंवा तत्सम औषध उपलब्ध होतं. भारतीय रुग्णामागे ४३. गरजेच्या फक्त ४ टक्के! आणि सरकारी परवान्यानं अफू पिकते ती आपल्याच मध्य प्रदेशात, राजस्थानात. २०१४ साली अमली पदार्थ कायदा सुधारून रुग्णालयांची वाट सोपी केली, तरी ठाण्यात मानपाडा नाक्यावरच्या साध्या औषध दुकानात मॉर्फिन मिळत नाही. हाडं पोखरलेल्या माणसाला घोडबंदर रस्त्याचे खड्डे झेलत मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत जायला लावणं क्रूर आहे.

पंप महाग आहे, मोजक्याच रुग्णांना लागतो. गोळी मात्र प्रत्येकाच्या हक्काची. घरात कुणी असं तळमळत असेल तर 'सहन करा' ऐकून परतू नका. वेदनाशमन विभाग कुठे आहे, हे डॉक्टरांना विचाराच. टाटा रुग्णालयात तो आहे.