झग्याच्या घेराआड

वाढदिवसासाठी घरी केलेल्या बाहुलीच्या केकमध्ये प्लास्टिकची बाहुली कमरेपर्यंत केकमध्ये उभी असते आणि तिचा घेरदार झगा केकचाच असतो. पाहणाऱ्यांची नजर झग्यावरील क्रीमच्या चुण्यांवर खिळते, परंतु करणाऱ्याची कसोटी लागते ती त्या चुण्यांच्या आत, मऊ स्पंज अरुंद पायावर उंच आणि सरळ उभा करण्यात. ही कल्पना बार्बीपेक्षा जुन्या वेशभूषेची आठवण जपणारी आहे. ऑस्ट्रेलियात असा केक ‘डॉली व्हार्डन’ या नावाने ओळखला जातो आणि ते नाव चार्ल्स डिकन्सच्या १८४१ मधील ‘बार्नबी रज’ या कादंबरीतील नटव्या तरुणीचे आहे.

१९५९ मध्ये बाजारात आलेल्या बार्बीची उंची सुमारे २९ सेंटिमीटर असून तिच्या मापाच्या बहुतेक बाहुल्यांत निम्म्याहून अधिक उंची कमरेखालचीच असते. घरी भाजलेला स्पंज साधारण पाच सेंटिमीटर फुगतो, त्यामुळे पाय पूर्ण झाकायचे तर किमान तीन थर लागतात. खालचे दोन थर गोल डब्यात आणि सर्वांत वरचा घुमटाकार थर खोलगट वाडग्यात भाजला, तर झग्याचा उतार फारसे कोरकाम न करता मिळतो. तरीही उंची कमी पडली आणि बाहुली गुडघ्यापर्यंतच बुडाली, तर कितीही क्रीम थापून तो दोष लपत नाही. अशा वेळी आणखी एक पातळ थर वाढवणे हाच सरळ मार्ग होय.

महाराष्ट्रातील अनेक घरांत केक बिनअंड्याचा लागतो, आणि अंड्याने मिळणारी बांधणी येथे कंडेन्स्ड मिल्क, म्हणजे साखर घालून आटवलेले दूध, काही प्रमाणात भरून काढते. एका थरासाठी साधारण २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १४० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम लोणी, एक चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा हे प्रमाण चालते. मैदा घातल्यावर मिश्रण फार घोटले, तर त्यातील ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, ताणले जाऊन स्पंज रबरासारखा होतो. ओव्हन नसल्यास कुकरच्या तळाशी मिठाचा किंवा वाळूचा थर पसरून, पाणी न घालता आणि झाकणाची शिट्टी व रिंग काढून मंद आचेवर भाजता येते. वाडग्यातील थराचा मध्य शिजेपर्यंत कडा कोरड्या पडू लागतात, म्हणून वाडगे दोन-तृतीयांशच भरावे आणि आच आणखी मंद ठेवावी. ताजा स्पंज कापताना चुरगळतो. तो आदल्या दिवशी भाजून, गार करून, झाकून ठेवणे श्रेयस्कर असते.

दुसऱ्या दिवशी थरांवर साखरेचे पाणी शिंपडताना हात आवरता घ्यावा लागतो, कारण अधिक भिजलेला खालचा थर वरच्या भाराने बसतो आणि झगा एका अंगाला कलतो. थर क्रीमने जोडल्यावर मधोमध बाहुलीच्या नितंबांना पुरेल एवढेच भोक पाडतात. ते सैल झाले तर बाहुली डुलते. बाहुली आधी साबणाने धुऊन, कमरेखालचा भाग पातळ प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळतात आणि केस वर बांधून तेही झाकतात, कारण क्रीममध्ये अडकलेला एखादा केसही खाणाऱ्याचा उत्साह घालवतो.

आपल्याकडे घरगुती सजावटीसाठी बहुधा वनस्पती तेलापासून केलेले, गोठवून विकले जाणारे व्हिपिंग क्रीम वापरतात. ते फ्रिजमध्ये वितळू देऊन, थंडगार असतानाच फेटले की हवा धरून दुपटी-तिपटीने फुगते. गरम झाले तर फुगत नाही आणि जास्त फेटले तर रवाळ होते. मे महिन्यातील मुंबईत भांड्याखाली बर्फ हवाच. स्पंजला प्रथम क्रीमचा पातळ हात देऊन तो अर्धा तास गार करतात. या हाताला ‘क्रम्ब कोट’ म्हणतात आणि सुटे कण त्यात अडकल्याने वरचा थर स्वच्छ राहतो. ही पायरी गाळण्याचा मोह होतो, परंतु फिकट गुलाबी झग्यावर तपकिरी ठिपके उमटू द्यायचे नसतील, तर ती गाळू नये.

चुण्यांसाठी पाकळीच्या आकाराचे नोझल, म्हणजे पायपिंग बॅगच्या टोकाला बसवायची धातूची नळी, घेऊन खालून वर ओळी चढवतात, म्हणजे वरची चूण खालच्या ओळीच्या माथ्यावर येते आणि कापडाच्या घोळाचा भास होतो. तळहाताच्या उबेने बॅगेतील क्रीम सैल पडते, म्हणून एका वेळी थोडेच भरून उरलेले फ्रिजमध्ये ठेवावे. रंग जेलचा घ्यावा आणि हवा त्यापेक्षा एक छटा फिका ठेवावा, कारण काही तासांत तो गडद होतो. बाहुलीच्या अंगावरील चोळीसाठी मात्र चांदणीच्या नोझलने बारीक ठिपके एकमेकांना चिकटवून काढावे लागतात. गुळगुळीत प्लास्टिकवर क्रीमचा सलग पट्टा घसरतो. या चोळीवर बराच वेळ जातो आणि तो द्यावा, कारण लहान मूल सर्वांत आधी बाहुलीच्या चेहऱ्याकडे व गळ्याकडेच पाहते.

कापताना बाहुली प्रथम सरळ वर उचलून काढतात आणि वाढदिवस असलेल्या मुलीसाठी धुऊन ठेवतात. मग वरचा घुमट वेगळा करून त्याचे तुकडे करतात व खालचे थर नेहमीच्या केकसारखे कापतात. उंच केक एकाच घावात वरपासून खालपर्यंत कापू गेल्यास मधल्या भोकाकडे थर ढासळतात आणि ताटलीत तुकड्यांऐवजी चुरा येतो.