शेजाऱ्यांची सामाईक गंगाजळी

२ जुलै १९९७ रोजी थायलंडने बाथचा डॉलरशी बांधलेला दर सोडून दिला आणि पाहता पाहता इंडोनेशिया व दक्षिण कोरिया यांनाही आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या जाचक अटी पत्करून कर्ज उचलावे लागले. त्या मानहानीचा सल मनात ठेवूनच आसियान राष्ट्रांनी चीन, जपान व कोरिया यांच्यासह मे २००० मध्ये चिआंग माई येथे असे ठरविले, की अडलेल्या देशाने आपले चलन देऊन शेजाऱ्याकडून डॉलर घ्यावेत व मुदतीत परत करावेत. २०१० मध्ये या द्विपक्षीय व्यवहारांचा १२० अब्ज डॉलरांचा, पुढे दुप्पट झालेला, एकच करार झाला. रक्कम मात्र ज्याच्या त्याच्या खजिन्यातच राहते. मोठी उचल नाणेनिधीच्या कार्यक्रमाविना मिळत नाही (शेजाऱ्याला अटी घालण्याचे अप्रिय काम परक्यावर सोपविण्याची ही सोय!), आणि २००८ च्या जागतिक आर्थिक संकटात कोरियाने धाव घेतली ती अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेकडे.