भाड्यासाठी फ्लॅट घेताय? एजंट कुणाचा ते आधी विचारा

‘नव्या प्रकल्पात एजंट फुकट असतो,’ असे पुण्यात भाड्याने देण्यासाठी दुसरा फ्लॅट घेणारे अनेकजण समजतात. त्याचे कमिशन बिल्डर देतो आणि ते तुमच्याच किमतीतून वसूल होते, म्हणून जिथे कमिशन चांगले तेच फ्लॅट आधी दाखवले जातात. रीसेलमध्ये बऱ्याचदा एकच एजंट दोन्हीकडून टक्का-दोन टक्के घेतो. किंमत वाढली की त्याचे पैसेही वाढतात. मग तुमच्यासाठी घासाघीस तो का करेल?

‘महारेराची नोंदणी आहे, आता चिंता नाही,’ हेही अर्धेच खरे. 2016 च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट विकायला एजंटची नोंदणी लागतेच. पण नोंदणी म्हणजे भाडे किती येईल याची हमी नव्हे, आणि जुन्या इमारतीतला रीसेल फ्लॅट सहसा या तरतुदीत येतच नाही.

सगळ्यात महागात पडतो तो भाड्याचा हिशेब. 80 लाखांचा फ्लॅट, महिना 20 हजार भाडे, म्हणजे तीन टक्के, असे सांगितले जाते. आता कागदावर मांडून बघा. वर्षातला एक महिना फ्लॅट रिकामा राहिला तर हाती येतात 2 लाख 20 हजार. मेंटेनन्स महिना 3 हजार, मालमत्ता कर समजा 12 हजार, शिवाय सोसायटीचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही). उरतात 1 लाख 70 हजारांच्या आसपास. 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरून तुमचे जवळपास 86 लाख गुंतलेले असतात. परतावा दोन टक्के, तोही आयकर आणि दुरुस्तीआधी.

म्हणून भाड्याचा आकडा एजंटच्या तोंडून घेऊ नका. विकणाऱ्याकडे नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार मागा. तो नोंदवणे महाराष्ट्रात बंधनकारकच आहे. किती फ्लॅट रिकामे आहेत, ते वॉचमनला विचारा. त्या इमारतीतले अलीकडचे व्यवहार किती रुपयांना झाले, ते नोंदणी विभागाच्या ‘इंडेक्स टू’ या दस्त-उताऱ्यावर दिसते.

मग एजंट नकोच, असेही नाही. तुम्ही नाशिकला किंवा दुबईत राहत असाल आणि फ्लॅट पुण्यात बघत असाल, तर फिरणारा, इमारतीची माहिती असणारा माणूस लागतोच. मात्र त्याला टक्केवारीऐवजी ठरावीक रक्कम द्या, विकणाऱ्याकडून पैसे घेणार नाही असे लिहून घ्या, आणि मालकीहक्काचे कागद वकिलाकडूनच तपासून घ्या. लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याला नेमू नका.