चाळीस चोर
रमीचे जोडीदार एकेक करून गेले, तेव्हा आदिलाबादच्या घरी आजोबांना मी 'चाळीस चोर' शिकवला. एकट्याचा डाव, कॅट मात्र दोन.

जोकर काढून १०४ पानं पिसा. चार-चार उघड्या पानांच्या दहा रांगा मांडा. एक्का सुटला की वर. त्यावर दुर्री, तिर्री, थेट राजापर्यंत, बदामावर बदामच. असे आठ ढीग लागले की जिंकलात. रांगेत उलटं, बदाम अठ्ठीवर बदाम सत्ती. हलवायचं एका वेळी एकच, टोकाचं पान. अडलं तर गठ्ठ्यातलं एक उलटा. न लागलेलं बाजूला टाका, त्यातलं वरचंच पुन्हा उचलता येतं. गठ्ठा मात्र एकदाच!

रिकाम्या रांगेत कुठलंही पान चालतं, म्हणून ती जपायची. आजोबा लगेच भरतात. काल आठही एक्के वर आले, तरी डाव अडलाच.