गोडाला नाव खड्याचं

कोल्हापुरात साखर चहात असते आणि शुगर रक्तात. 'साखर कमी टाक, शुगर वाढलीया,' हे वाक्य इथं घरोघरी कानावर पडतं. त्यात एकच शब्द दोनदा येऊन जातो, एकदा आपल्या घरातून आणि एकदा निम्मं जग फिरून. साखर आणि शुगर या सख्ख्या बहिणी, दोघींची आई संस्कृतातली शर्करा.

आणि ही शर्करा मुळात गोड नव्हतीच! शर्करा म्हणजे खडे, भरड वाळू, पायाला टोचणारी खडी. अथर्ववेदात ती याच अर्थानं येते. सुश्रुतानं मूतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हटलं आहे. मग जगातल्या सगळ्यात लाडक्या गोडाला खडीचं नाव का पडावं?

उत्तर हवं असेल तर हंगामात करवीर तालुक्यातल्या एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन उभं राहावं. चरकातून निघालेला रस काही तासांतच आंबायला लागतो, म्हणून तो लगेच काहिलीत ओततात आणि चुलवाणात चिपाडं सारतात. रानभेंडीचा चिकट रस घातला की रसातला मळ फेसाबरोबर वर येतो, तो काढून टाकतात. पाणी उडत जातं, रंग बदलतो, काकवी होते. पाक ११८ अंशांच्या आसपास पोचतो, तेव्हा गुळव्या थोडासा पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बघतो. त्याच्या हाती थर्मामीटर नसतो, आणि तरी तो क्षण चुकत नाही. मला याचं दर वेळी नवल वाटतं. मग पाक वाफ्यात ओततात, घोटतात, साच्यात भरतात. निवाला की रवा तयार. कोल्हापूरच्या बाजारात गुळाच्या ढेपेला रवाच म्हणतात.

गुळाच्या त्या रव्यात साखरेचे कण असतातच, पण मळीसकट एकमेकांना चिकटून बसलेले. दाट पाक न घोटता सावकाश निवू दिला, तर कण मोठे होतात आणि मळीपासून सुटे होऊ लागतात. प्राचीन भारतात कुणीतरी हे पाहिलं, मळी निथळू दिली आणि उरलेले कोरडे दाणे हातात घेतले. ते खड्यांसारखे दिसत होते, म्हणून त्यांना खड्यांचं नाव मिळालं. आपल्या 'खडीसाखर' या शब्दात तो जुना अर्थ आजही धडधडीत उघडा आहे.

सगळी मेख या दाण्यात आहे. रस नासतो, काकवी मडक्यातून पाझरते, पावसाळी हवेत गुळाला पाणी सुटतं. कोरडा दाणा मात्र उंटावर चढतो, गलबतात बसतो, वर्षभर टिकतो. दाणा जिथं गेला तिथं त्याचं नाव गेलं.

सिकंदराचा सेनानी निआर्कस यानं मधमाश्यांशिवाय मध देणाऱ्या भारतीय बोरूचं वर्णन केलं होतं. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्यानं त्या पदार्थाला 'साक्खारॉन' म्हटलं आणि तो मिठासारखा दाताखाली फुटतो असं लिहिलं. पालीत शर्करेची 'सक्खरा' झाली होती. तिच्यातला ख ग्रीकांच्या शब्दात दिसतो आणि आपल्या साखरेतही. इराणात 'शकर' झाली, अरबांनी 'सुक्कर' केली. अरबांबरोबर ऊस इजिप्त, सिसिली, स्पेनपर्यंत गेला. मग इटालियन 'झुक्केरो', फ्रेंच 'स्यूक्र', आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी.

इथं एक गंमत घडली. शर्करेतला श पालीत हरवून त्याचा स झाला होता. इराणात तो टिकला, पण अरबीत त्याचाही स झाला आणि फ्रेंचमधूनही स-च पुढं गेला. इंग्रज आधी 'स्यू' असं काहीतरी म्हणत. सतराव्या शतकाच्या सुमारास 'स्यू'चा 'शु' झाला. मूळ शर्करेशी त्याचा काहीही संबंध नसताना तिचा हरवलेला श तिला लंडनमध्ये सापडला! आपल्या साखरेला तो आजतागायत मिळालेला नाही.

गोतावळा इथं संपत नाही. साखरेच्या तुकड्याला संस्कृतात खंड म्हणत. त्याचा फारसीत 'कंद' झाला, अरबीतून युरोपात जाऊन 'कँडी' झाली, आणि तोच कंद गुलाबाच्या पाकळ्यांबरोबर गुलकंदात मुरला. दिवाळीतली शंकरपाळी ही फारसी शकरपाऱ्याची लेक. महादेवाशी तिचं नातं नंतर जुळलं. १८७९ साली अमेरिकेत कॉन्स्टंटिन फालबर्ग याला डांबरातल्या रसायनांवर काम करताना हाताला अचाट गोडी लागल्याचं जाणवलं. त्या पदार्थात साखरेचा कणही नव्हता, तरी नाव पडलं सॅकरिन.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो गुळासाठीचा इंग्रजी शब्द, 'जॅगरी'. शर्करा दक्षिणेत गेली, कन्नडात सक्करे झाली, मल्याळममध्ये चक्कर. मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी ती ऐकून 'जागरा' केली आणि त्यांच्याकडून इंग्रजांनी जॅगरी घेतली. म्हणजे शुगर इराण-अरबांच्या वाटेनं पोचली, जॅगरी थेट समुद्राच्या. एकाच आईच्या दोन मुली इंग्रजीत भेटल्या आणि एकमेकींना ओळखेनात.

गुळाचं स्वतःचं नाव त्याहून वेगळं. संस्कृत गुड म्हणजे गोळा. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती याच गुळाच्या व्यापारासाठी, आणि कोल्हापूरच्या बाजारात आजही सौदे होतात ते गूळ आणि रवे याच शब्दांत. भौगोलिक मानांकनात मात्र त्याची इंग्रजी नोंद 'कोल्हापूर जॅगरी' अशी आहे: माल गोळ्याचा, नाव खड्याचं.